कोष्टकात नसलेली ओळ

एक्सबीआरएल, म्हणजे ताळेबंदातल्या प्रत्येक रकमेला संगणकाला वाचता येईल असा टॅग लावून तो दाखल करण्याची प्रणाली, म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना ऑक्टोबर महिना आठवतो. वार्षिक सभा उरकलेली असते, तीस दिवसांची मुदत संपत आलेली असते आणि टॅगिंगचे काम बाहेर दिलेले असते. फाइल तपासणीतून पार पडली की डिजिटल सही करून आपण मोकळे होतो. पण रकमेला चुकीचा टॅग लागला असेल आणि बेरीज जुळत असेल, तर ती चूक सॉफ्टवेअरला दिसत नाही. प्रमाणपत्राखाली सही मात्र आपली असते.

या प्रणालीची कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेतील टकोमाचे लेखापाल चार्ल्स हॉफमन यांनी मांडली. म्हणजे ती मुळात आपल्याच व्यवसायातून आली. तिची आंतरराष्ट्रीय संस्था तांत्रिक नियम ठरवते. ताळेबंदात कोणत्या बाबी असाव्यात हे ती ठरवत नाही. ते प्रत्येक देशाच्या कायद्यावर आणि लेखामानकांवर अवलंबून असते, म्हणून देशोदेशी शाखा लागतात. आपल्याकडे आयसीएआयने पुढाकार घेऊन ‘एक्सबीआरएल इंडिया’ उभी केली. पुढे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या वर्षापासून सूचिबद्ध कंपन्या, तसेच ५ कोटी भांडवल किंवा १०० कोटी उलाढाल असलेल्या कंपन्यांना हे दाखले सक्तीचे केले. बँका, विमा, वीज आणि बिगर-बँकिंग वित्त कंपन्या तेव्हा वगळल्या होत्या.

आपण एका फरकाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. अमेरिकेत कंपनीला गरजेनुसार स्वतःचा टॅग तयार करता येतो. मंत्रालयाच्या टॅक्सॉनॉमीत, म्हणजे टॅगच्या ठरावीक यादीत, ती मुभा नाही. जे यादीत नाही ते ‘इतर’मध्ये जाते. कोल्हापूर-सांगलीकडच्या खासगी साखर कंपनीचे उदाहरण घ्या. शेतकऱ्यांची थकीत ऊसबिले ही तिच्या ताळेबंदातली सर्वांत बोलकी रक्कम. शेड्यूल तीनमध्ये मात्र व्यापारी देणी सूक्ष्म-लघु उद्योगांची आणि इतरांची, एवढीच विभागलेली आहेत. ऊसबिल ‘इतरां’त जाते. तळटीप लिहिता येते, पण तळटिपेतला आकडा दहा कंपन्यांच्या तुलनेत आपोआप उतरत नाही. ज्यासाठी ही सारी यातायात केली, ती तुलनाच हुकते.

म्हणून टॅक्सॉनॉमीचा मसुदा अभिप्रायासाठी खुला होतो, तेव्हाचे काम मला ऑक्टोबरच्या कामापेक्षा महत्त्वाचे वाटते. तो मसुदा मोठ्या फर्मच्या तज्ज्ञांनी वाचला म्हणजे झाले, असे नव्हे. साखर, सूतगिरणी, द्राक्षनिर्यात, फाउंड्री यांचे हिशेब जे रोज पाहतात त्यांनी तो गेल्या वर्षीचे ताळेबंद शेजारी ठेवून वाचायला हवा. आयसीएआयच्या सोलापूर, नाशिक, सांगलीच्या शाखांनी यासाठी अभ्यासगट नेमावेत आणि त्यात आर्टिकल्सनाही घ्यावे. टॅगिंगची अडचण आधी त्यांनाच कळते.

यंदाच्या दाखल्यांत ज्या रकमा नाइलाजाने ‘इतर’मध्ये टाकाव्या लागल्या, त्यांची यादी करून आमच्याकडे पाठवा. अशिलाचे नाव नको. उद्योग, बाब आणि ती कोणत्या शीर्षाखाली गेली एवढे पुरे. उद्योगवार संकलन करून आम्ही ते एक्सबीआरएल इंडियाकडे देऊ.