आधी मुलांचाच चेंडू का?

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडल्या आणि इकडे देवनारला आमच्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना एकाएकी राष्ट्रकर्तव्याची आठवण झाली. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून सुटीत फुटबॉलचे सामने ठरवले होते. ‘देश लढतो आहे आणि तुम्ही चेंडू लाथाडता?’ असे दरडावून ते बंद पाडण्यात आले. एका गृहस्थांनी तर गांधीजींचा दाखला दिला.

मी दहावीवर थांबलेला मास्तर. कॉलेजच्या मैदानावर खेळण्याचे भाग्य मला लाभले नाही. म्हणूनच की काय, तो दाखला मनाला लागून राहिला. गांधीजी खरोखर म्हणाले होते तरी काय?

१९४० चा डिसेंबर. युरोपात महायुद्ध पेटलेले, इकडे वैयक्तिक सत्याग्रही तुरुंगात. मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी पंचरंगी क्रिकेट सामन्यांविषयी सल्ला विचारायला त्यांच्याकडे गेली. अशा दुःखाच्या काळात मौज नको, असे त्यांनी सांगितले हे खरे. पण कॉलेजा-कॉलेजांतले सामने आपण समजू शकतो, धर्मावर संघ पाडणे मात्र आपल्याला कधीच समजले नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. आमच्या गृहस्थांनी अर्धे पाठ केले आणि अर्धे सोयीस्करपणे गिळले!

मोठ्यांनी तरी तो सल्ला कितीसा मानला? १९४२ चे वर्ष सोडले तर पंचरंगी सामने १९४६ पर्यंत चालूच राहिले. १९४३ साली बंगालात माणसे अन्नावाचून मरत होती आणि ब्रेबोर्नवर गर्दी टाळ्या पिटत होती.

खेळल्याने देशप्रेम उणे होते, असेही नाही. त्याच १९४० साली संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांना कोणी देशद्रोही म्हटले नाही.

खेळ कधी थांबूच नये, असे माझे म्हणणे नाही. महायुद्धात ड्युरँड फुटबॉल स्पर्धाही थांबली होती. १९४२ च्या ऑगस्टात तर मुलांनी आपण होऊन वर्ग सोडले, मग मैदानाची काय कथा! तो त्याग खरा, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्याच्या पायातला चेंडू काढून घेणारा त्यागी कसा ठरेल?

आता पुढचे ऐका. ९ मे रोजी आयपीएल थांबली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरू झाली. त्या संध्याकाळी आमचे तेच वडीलधारे टीव्हीसमोर मांडी ठोकून बसले होते. मुलांचे सामने मात्र कोणाला आठवले नाहीत. मेअखेरीसच पाऊस आला, मैदानाचा चिखल झाला. त्यांचा गोलरक्षक रात्रपाळीच्या नोकरीला लागला. त्याचा तो शेवटचा मोसम होता, आणि तो न खेळताच संपला.

फराळाला बसलेल्या वडीलधाऱ्यांनो, पुढल्या खेपेस त्यागाची उबळ आली तर आधी आपल्या घरचा टीव्ही बंद करा. पोरांचा चेंडू सर्वांत शेवटी मागा. आणि मागाच, हिसकावू नका.