ध्रुवावरील बर्फ आणि आपला जिल्हा

"आमच्या जिल्ह्यास समुद्र कोठेंच लागत नाहीं, मग ध्रुवावरील बर्फाची माहिती मुलांस कशाला?" असें कांहीं पालक विचारतात. भूगोलाचा तास काढून घेऊन तो गणिताच्या उजळणीस द्यावा, अशीही सूचना होते. ती आम्हांस मान्य नाहीं.

समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात व तें उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठतें. गोठतांना बहुतेक मीठ बर्फाबाहेर टाकलें जातें. त्यामुळें आधींच थंड असलेलें खालचें पाणी अधिक खारट व जड होऊन बुडूं लागतें. अंटार्क्टिकाच्या वेडेल व रॉस या समुद्रांतून असें पाणी तळातळानें उत्तरेकडे, हिंदी महासागरांतही, पसरतें व प्राणवायु खोलवर पोंचवितें. तें पुन्हां वर येण्यास शेंकडों वर्षें लागतात. वारा आणि पाण्याचा हा जडपणा मिळून सर्व महासागर हालता ठेवतात व पृथ्वीवरील उष्णतेची वांटणी करितात.

हा बर्फ आतां घटत आहे. २०२३ सालीं तिकडील हिवाळ्यांत तो जेमतेम १ कोटि ७० लक्ष चौरस किलोमीटरपर्यंत वाढला. १९७९ पासूनच्या उपग्रहांच्या नोंदींत इतका कमी हिवाळी विस्तार पूर्वीं आढळला नव्हता. बर्फ कमी बनला तर जड पाणीही कमी बनेल, ही शास्त्रज्ञांची चिंता आहे.

आपली सीना भीमेस मिळते, मुळा-प्रवरा गोदावरीस. शेवटीं सर्वांचें पाणी बंगालच्या उपसागरास जातें. आपला पाऊसही समुद्राच्याच वाफेचा. एखाद्या वर्षाच्या अवर्षणाचा दोष थेट ध्रुवावर टाकणें उतावीळपणाचें होईल. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत राहणाऱ्या, १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्यानें समुद्रास परका मानणें हें त्याहून मोठें अज्ञान होय. १९८१ च्या डिसेंबरांत डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालीं पहिली भारतीय तुकडी अंटार्क्टिकास निघाली ती गोव्याहूनच. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही तेथेंच वास्को येथें आहे. त्या संस्थेंत उद्यां आपल्या तालुक्यांतील मुलगा वा मुलगी कां नसावी?

विद्यार्थ्यांनीं वाटींत मिठाचें पाणी घेऊन तें अर्धवट गोठवावें, आणि उरलेलें पाणी बोटानें चाखून पाहावें. तें पहिल्याहून खारट लागेल. पालकांनींही तें चाखावें, आणि मग भूगोलाचा तास ठेवावा कीं काढावा, हें ठरवावें.