‘अंदाजे’ला मार्क नाहीत!

‘स्वयंपाक शिकायला अमेरिकेत?’ हा प्रश्न आतापर्यंत सासूबाई, दोन आत्या आणि पुण्याच्या जुन्या ऑफिसमधली अख्खी टेस्टिंग टीम विचारून बसलीय. उत्तर सोपं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात आलो. माझा व्हिसा एच-फोर. २०१५ पासून आमच्यापैकी काहीजणींना नोकरीची परवानगी मिळते, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डची फाइल बरीच पुढे सरकावी लागते. आमची जागची हललेली नाही. शिकायला मात्र बंदी नाही. म्हटलं, सॉफ्टवेअरमधले बग पुष्कळ शोधले, आता कांदे चिरू!

कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. एण्ट्रन्सची मारामारी नाही, वय कितीही असो. राज्याच्या रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर फी, बाहेरच्यांना बरीच जास्त. सुऱ्या आणि पांढरा कोट आपल्या खर्चाने. माझ्या एका बाजूला एकोणीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्या बाजूला रिटायर्ड नर्स. बॅच एकदम सही!

तुम्हाला वाटेल, रोज नवी डिश आणि वर चेरी. विसरा! आधी स्वच्छता आणि थर्मामीटर. चिकन आतून ७४ डिग्री सेल्सिअस झालं का, हे रंगावरून ओळखायचं नाही, मोजायचं. ५ ते ५७ डिग्री हा धोक्याचा पट्टा. शिजलेलं अन्न दोन तासांत ५७ वरून २१ वर आणि पुढच्या चार तासांत ५ वर आलंच पाहिजे.

इथेच माझ्या लाडक्या फोडणीच्या भाताची विकेट पडली. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की जंतू वाढतात, विष तयार करू शकतात आणि ते सकाळच्या खमंग फोडणीलाही दाद देत नाही. फोडणीचा भात खा, जरूर खा. फक्त उरलेला भात रात्रीच परातीत पसरून निववा आणि फ्रीजमध्ये टाका. ‘आम्हाला कुठे काय झालं?’ आई फोनवर म्हणाली. तिचंही खरं. पण घरी चार माणसं जेवतात, हॉटेलात चारशे. तिथे नशिबावर भागत नाही.

सुरीचंही तेच. ब्रुन्वाज म्हणजे तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. आमचे शेफ पट्टी लावून बघतात. कारण सारखे तुकडे एकाच वेळी शिजतात. ‘थोडंसं’, ‘अंदाजे’, ‘हाताला कळतं’ यांना मार्क नाहीत.

माझा आवडता विषय मात्र कॉस्टिंग. सालं-देठं जाऊन किलोभर भाजीतून किती उरतं, इथपासून सुरुवात. समजा, एका प्लेटला ३ डॉलरचा माल लागला आणि मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्के ठेवायचाय, तर भाव १० डॉलर. उरलेल्या सातमध्ये पगार, भाडं, गॅस सगळं. घरी येऊन मी आईच्या पुरणपोळीचं गणित मांडलं. डाळ, गूळ, कणीक, तूप, सगळ्याचा हिशेब लागला. मग मजुरीचा रकाना आला आणि हात थांबला. इतक्या वर्षांत आमच्या घरात हा रकाना कुणी आखलाच नव्हता.

म्हणून मला हा कोर्स महत्त्वाचा वाटतो. जे काम ‘बायकांना येतंच’ म्हणून खपून जातं, त्याला इथे तास आहेत, मोजमाप आहे, परीक्षा आहे. डिग्री मिळाली तरी नोकरीची परवानगी मिळेलच असं नाही, हे मला पक्कं माहितीय. तरी मी जाते.

आणि क्यूबिकलमध्ये बसून कॅफे काढायची स्वप्नं बघणाऱ्या मंडळींनो, एक सांगू? सुरुवातीचा पगार आयटीच्या आसपासही फिरकत नाही आणि पाय जाम दुखतात. राजीनामा टाइप करण्याआधी ओळखीच्या एखाद्या किचनमध्ये शनिवारची एक रात्र उभे राहा. भांडी घासा, कांदे चिरा. रविवारी उठल्यावर पुन्हा जावंसं वाटलं, तर खुशाल कोर्सचा फॉर्म भरा!