हाउबेर्ग: तोडल्यामुळे टिकलेलं रान



जर्मन जंगल म्हटलं की आपल्यासमोर उंच, गर्द, काळोखं रान उभं राहतं. मे महिन्यात झीगनजवळच्या क्रॉइट्झटालच्या डोंगरात फिरून आलो आणि हे चित्र जरा बदललं. तिथे फेलिंगहाउझनला जुन्या पद्धतीचा एक 'हाउबेर्ग' मुद्दाम राखलाय. ओक आणि बर्चचं रान, पण झाडं मनगटाएवढी, फार तर मांडीएवढी. एकेका खुंटातून पाच-सहा फुटवे निघालेले. आपल्याकडे तोडलेल्या सागाच्या खुंटाला धुमारे येतात ना, अगदी तसंच.

पद्धत अशी. गावकऱ्यांची सामायिक जमीन, तिचे सोळा ते वीस तुकडे, दरवर्षी एकच तुकडा तोडायचा. मे महिन्यात रस चढला की ओकची साल सोलायची, ती जायची चांभारमालाच्या कारखान्यांत, चामडं कमवायला. लाकडाचा कोळसा करून लोखंडाच्या भट्ट्यांना. मग काटक्या-पाला जाळून राखेत राय पेरायची. आपल्या राबाची आणि दळीची आठवण होते की नाही? पीक निघालं की फुटवे वाढू द्यायचे, ते गुरांच्या तोंडाला येईनासे झाले की गुरं सोडायची. वीस वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड.

आता मला ज्याचं नवल वाटलं ते सांगतो. मी वर बघायचं सोडून खालीच बघत होतो. ताज्या तोडलेल्या तुकड्यात पिवळाधमक गिन्स्टर आणि फिंगरहुटची कोवळी पानं. यांचं बी मातीत कित्येक दशकं पडून राहतं, ऊन लागलं की उठतं. सात-आठ वर्षांच्या तुकड्यात गवत आणि हायडेलबेरेची झुडपं. वीस वर्षांच्या तुकड्यातही ओकच्या विरळ पानांतून कवडसे येत होते आणि खाली हिरवळ होती. शेजारीच बीचचं रान लागतं. तिथे काय? तपकिरी पाचोळा. बीचची सावली इतकी दाट की आम्लधर्मी मातीवर खाली फारसं काही तग धरत नाही. बुशविंडरोझं हे पांढरं फूल तेवढं हुशार. वर पानं फुटायच्या आत मार्च-एप्रिलमध्ये फुलून मोकळं होतं.

उंचीचाही हात आहे यात. शंभर मीटर चढलं की तापमान साधारण अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. दरी आणि 618 मीटरचा किंडल्सबेर्ग यांत म्हणजे जवळजवळ दोन अंशांचा फरक. वर थंडी, पाऊस, धुकं जास्त, आणि ते बीचला मानवतं. ओकला खालचे उबदार उतार बरे. पण माझा समज असा झालाय की इथे उंचीपेक्षा कुऱ्हाडीचं चाललं. माणसाने तोडणं थांबवलं असतं, तर खालच्या उतारांवरही बीचने ओकला कधीच झाकून टाकलं असतं.

आणि तोडणं थांबलंच. दगडी कोळसा आला, चामडं कमवायला परदेशी द्रव्यं आली, साल कोणी घेईना. विसाव्या शतकात पुष्कळ हाउबेर्गांवर स्प्रूस लावला. सरळसोट, झटपट पैसा देणारा, आणि खाली काळोख. 2018 ते 2020 च्या दुष्काळात भुंगेऱ्यांनी तो स्प्रूस डोंगरच्या डोंगर वाळवला. आज तिथे उघडे उतार आहेत, आणि त्यांच्यावर जांभळा फिंगरहुट! लोक फोटो काढतात. पण खरं जुनं रान म्हणजे बुशविंडरोझंसारख्या झाडांचं, आणि ती वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर सरकतात. एकदा गेली की आपल्या आयुष्यात परत यायची नाहीत.

आता या उतारांवर काय लावायचं यावर वाद आहे. माझं मत: थोडे तरी उतार पुन्हा हाउबेर्ग करावेत. सगळे नकोत. दर वीस वर्षांनी साल-लाकूड-राख सगळं उचलल्याने माती रोडावते हेही खरं, आणि म्हाताऱ्या बीचवनाची सर त्याला नाही.

एक गंमत सांगायची राहिली. इथून जवळच्या बॉनचे डीट्रिख ब्रँडिस 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. गावांसाठी वेगळी राखीव जंगलं असावीत असं त्यांना वाटे, पण 1878 च्या कायद्यात सरकारी हक्कच वरचढ ठरला. तिकडे सह्याद्रीत कुमरी करणाऱ्याला इंग्रज सरकार रानाचा नाश करणारा ठरवत होतं, आणि इकडे ब्रँडिसच्या गावाशेजारी शेतकरी कायदेशीर हिस्सेदार म्हणून रान जाळून राय पेरत होते!

रायगड-ठाण्याकडच्या मंडळींना एक विचारतो. दळी सोडून दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तिथे आधी काय उगवायचं? घरच्या म्हाताऱ्यांना विचारून कळवा. नावं गावठी असली तरी चालतील, उलट तीच हवीत.