फोर्कलिफ्टची चावी कोणाच्या हातात?

जालनेकरांनो, एमआयडीसीत अपघात झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ड्रायव्हरची चूक होती." विषय संपला! ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या एका स्टील कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसेक कामगार जखमी झाले, तेव्हा चार दिवस सगळ्यांना सुरक्षा आठवली. फोर्कलिफ्टखाली कोणाचा पाय गेला तर ती गोष्ट गेटच्या बाहेरही येत नाही.

साधी स्कूटी चालवायला लायसन्स लागतं. पण फक्त कारखान्याच्या आवारात चालणारं यंत्र 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे तीन टन माल उचलणाऱ्या, स्वतः चार टनांच्या वर भरणाऱ्या धुडावर कोणाला बसवायचं, हे मालक नाहीतर ठेकेदार ठरवतो. ड्रायव्हर सुट्टीवर गेला की चावी हेल्परच्या हातात. "दोन दिवसांत शिकतो की!"

शिकतो काय, तर पुढे-मागे करायला. ही गाडी मागच्या चाकांवर वळते, वळताना तिचा मागचा भाग बाहेर झोकतो आणि बाजूला उभा असलेला माणूस भिंतीला चेपला जातो, हे त्याला सांगतं कोण? काटे वर ठेवून वळलं की तोल जातो. भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समध्येच उतरवायची. आणि गाडी कलंडलीच तर उडी मारायची नाही, बेल्ट लावून स्टिअरिंग घट्ट धरून बसायचं. घाबरलेला माणूस नेमकी उडी मारतो अन् छताखाली सापडतो.

त्यात घाई. मे-जूनमध्ये बियाण्यांच्या गोदामांबाहेर ट्रक खोळंबलेले, आत एकाच गल्लीतून माणसंही चालतात अन् फोर्कलिफ्टही. पायी चालणाऱ्यांसाठी पिवळा पट्टा मारायला रंगाचा एक डबा पुरतो हो! तोही होत नाही.

कारखाना कायद्यात 1987 सालीच कलम 7अ घातलं गेलं. कामगाराला प्रशिक्षण देणं, त्याच्यावर देखरेख ठेवणं ही मालकाची जबाबदारी, असं 2025 पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात स्पष्ट होतं. मग चौकशीत ड्रायव्हरला किती दिवस शिकवलं, कोणी शिकवलं, हे का विचारत नाहीत? दरेगावच्या ड्रायपोर्टमुळे अशी यंत्रं वाढणारच आहेत.

तुमच्या कंपनीत रात्रपाळीला फोर्कलिफ्टची चावी कोणाकडे असते? कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, नोकरी सांभाळा.