पडदा नवा, सूची जुनी

डॉसवरील जुनी आज्ञावली नव्या संगणकावर उघडली की पुष्कळदा अक्षरे मुंगीएवढी दिसतात व चौकटींच्या रेषांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. पाहणारा तिला निकामी ठरवतो. आमच्या मते हा निकाल घाईचा आहे.

युनेस्कोने १९८५ साली लहान संगणकांसाठी प्रसृत केलेल्या सीडीएस/आयसिस या आज्ञावलीवर भारतातील अनेक ग्रंथालयांनी आपल्या सूची उभारल्या. त्या काळच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे व एकूण २५ ओळी मावत. १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत हा मजकूर ७२० × ४०० बिंदूंत मांडला जाई आणि ४ : ३ प्रमाणाचा पडदा भरून टाकी. आजच्या ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्यावर तेवढे बिंदू रुंदीचा पाचवा हिस्साही व्यापत नाहीत. सबंध पडदाभर ताणले, तर अक्षरे बसकी होतात.

उपाय अवघड नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसची आज्ञावली थेट चालत नाही; म्हणून डॉसबॉक्ससारखे साधन घ्यावे. त्यात चित्र मोठे करावे, ४ : ३ हे प्रमाण राखावे, आणि ४३७ क्रमांकाचा संकेतसंच ठेवावा, म्हणजे रेषा पुन्हा रेषाच दिसतात. नोंदी वाचता येऊ लागताच त्यांची नवी प्रतही करून ठेवावी.

चष्म्याचा नंबर बदलला म्हणून कोणी पोथी रद्दीत घालीत नाही. सूचीलाही तोच न्याय लावावा.