स्पेसरला मानक द्या: एआरएआयच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया,
कोथरूड, पुणे



तुमची संस्था १९६६ सालची. पुणेकर वेताळ टेकडीच्या त्या भागाला तुमच्याच नावाने ओळखतात. भारतातल्या गाड्या वाहन उद्योगाच्या ज्या ‘एआयएस’ मानकांवर पास होतात, त्यांचे मसुदे करणाऱ्या समितीचं सचिवालयही तुमच्याकडेच आहे. त्यामुळे हे पत्र आरटीओला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. मागणी एकच: व्हील स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्या मधे घालून चाक बाहेर सरकवणारी चकती, आणि त्यासोबत लागणारे लांब स्टड यांच्यासाठी भारतीय मानक तयार करा.

आज हा माल कसा विकला जातो ते आधी सांगतो. सुट्या भागांच्या बाजारात जाऊन जिप्सीसाठी स्पेसर मागितला, की समोरून एकच प्रश्न येतो, ‘किती एमएम?’ मग काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ॲल्युमिनियमची जोडी येते. तिच्यावर कंपनीचं नाव नसतं, धातूची ग्रेड नसते, मधल्या भोकाचं माप नसतं. स्टड डब्यातून मूठभर काढून दिले जातात. चांगल्या स्टडच्या डोक्यावर १०.९ असा ताकदीच्या ग्रेडचा आकडा ठोकलेला असतो. या स्टडांची डोकी कोरी असतात. ज्या पाच स्टडांवर अख्खं चाक लटकणार, ते कुठल्या पोलादाचे आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

घेणाऱ्यांना सरसकट हौशी म्हणून मोडीत काढू नका. जिम्नीला कंपनीकडून १९५ रुंदीचे टायर येतात. चिखलवाटेसाठी त्याहून रुंद टायर घातले, की पूर्ण स्टेअरिंग कापताना ते पुढच्या रेडियस आर्मला घासतात. कुणाला मोठ्या ब्रेक कॅलिपरसाठी जागा हवी असते, कुणाला जुन्या रिमचा चुकलेला ऑफसेट सुधारायचा असतो. नुसतं चाक बाहेर दिसावं म्हणून स्पेसर लावणारेही आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. पण गरज खरी असो वा हौसेची, दोघांनाही मिळतो तो हाच बिननावाचा माल.

यातलं यंत्रशास्त्र तुमच्या अभियंत्यांना मी सांगायची गरज नाही. पण हे पत्र खुलं आहे आणि गाडीवालेही ते वाचतील, म्हणून लिहितो. गाडीचं वजन स्टडवर टेकलेलं असतं असं अनेकांना वाटतं. खरं म्हणजे नट कसला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर १०० न्यूटन-मीटरच्या आसपास कसलेला १२ मिलिमीटरचा एक स्टड साधारण चार टनांचा दाब देतो. पाच मिळून वीस टन. या दाबातून येणारं घर्षण चाक जागेवर ठेवतं. दाब गेला की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो. पुढे-मागे वाकवून तार तोडावी, तसा तो शेवटी तुटतो.

आता मधे स्पेसर घाला. जिप्सी आणि जिम्नीच्या स्टडचा आटा १.२५ मिलिमीटरचा. पाच मिलिमीटरची चकती घातली की नटाला मिळणारे चार आटे गेले. नटात निदान स्टडच्या व्यासाइतकी लांबी बसली पाहिजे, म्हणजे १२ मिलिमीटरच्या स्टडला साडेनऊ-दहा आटे. मूळ स्टडवर तेवढी जागा नसेल, तर स्टड बदलण्याला पर्याय नाही. लांब स्टड म्हणजे कमकुवत स्टड, ही समजूतही चुकीची आहे. योग्य ग्रेडचा लांब स्टड जास्त ताणला जातो, त्यामुळे पृष्ठभाग थोडे बसले तरी त्याचा दाब एकदम पडत नाही. दोष लांबीत नाही, कोऱ्या डोक्यात आणि बसवण्यात आहे.

बसवण्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. स्टडच्या मानेवर दातेरी पट्टा असतो. त्याचा व्यास हबच्या भोकाशी जुळायलाच हवा. सैल असला तर पुढच्या वेळी नट सोडताना स्टड जागेवरच फिरत राहतो. स्टड प्रेसवर बसवायचा असतो. गॅरेजमध्ये तो हातोड्याने ठोकला जातो, मग तिरका बसतो आणि ठोक्यांचा मार बेअरिंगला बसतो. याहून घातक प्रकार बंद टोकाच्या नटांचा. क्रोमचे, टोपी असलेले हे नट दिसायला देखणे. स्टड लांब झाला की त्याचं टोक टोपीच्या आत आधीच टेकतं, पाना घट्ट लागतो, टॉर्क रेंचही टक् वाजतो, आणि चाक मात्र दाबलंच गेलेलं नसतं. मेस्त्रीने काम चोख केलं असं मालकाला वाटतं आणि तो तशीच गाडी घेऊन ताम्हिणी घाटात उतरतो.

मधल्या भोकाचंही तेच. जिम्नीच्या हबचा, चाकाच्या मधल्या भोकात बसणारा कॉलर १०८ मिलिमीटरचा. स्पेसरने तो झाकला, तर स्पेसरला स्वतःचा तेवढाच कॉलर हवा. नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं आणि स्टेअरिंग थरथरू लागतं. त्यातही काहीजण दोन स्पेसर एकावर एक चढवतात. हे कुणीही, कधीही करू नये.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला फारशी जागा उरलेली नाही. कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात विकणाऱ्यासाठीही तरतूद आहे: सरकारने ‘क्रिटिकल सेफ्टी कंपोनंट’ म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमात बसत नसताना विकला, तर दर नगामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. मालकाला रस्त्यावर अडवणं सोपं, पण काउंटरवरचा माल तपासायचा तर हातात मोजपट्टी हवी. ती मोजपट्टी तुम्ही लिहू शकता.

बाहेरचे दोन मार्ग समोर आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सुधारित वाहनांच्या नियमावलीत कंपनीने मूळ गाडीला दिलेले सोडून बाकी स्पेसरना मनाई आहे. जर्मनीत स्पेसर तपासणी अहवालासह विकला जातो, कुठल्या गाडीला, कुठल्या रिमसोबत चालेल ते त्यात लिहिलेलं असतं, आणि बसवल्यावर तो तपासून घेतला जातो. मला जर्मन मार्ग योग्य वाटतो. ऑस्ट्रेलियाची मनाई तिथे चालते, कारण तिथे सुधारित गाडी प्रमाणित करणाऱ्या अभियंत्यांची व्यवस्था उभी आहे. आपल्याकडे नुसती मनाई केली, की माल काउंटरवरून काउंटरखाली जातो, एवढंच.

चाकाची रिम वळणावरचा भार पेलते का, हे पाहण्यासाठी तिला वाकवणारं बल देत लाखो फेरे फिरवण्याची चाचणी असते. तीच चाचणी स्पेसर, स्टड, नट आणि रिम असा पूर्ण संच जोडून घ्या. चाचणीनंतर स्टडमध्ये किती ताण उरला ते मोजा. स्पेसरवर धातूची ग्रेड, जाडी, कॉलरचं माप आणि बनवणाऱ्याचं नाव कोरणं सक्तीचं करा. ग्रेड नसलेला स्टड आणि बंद टोकाचा नट संचात चालणार नाही, असं स्पष्ट लिहा. संचासोबत मराठी-हिंदीत एक पान असू द्या: किती टॉर्क, हबवरचा गंज आणि रंग कसा साफ करायचा, पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. आणि हे मानक झालं की या भागांना क्रिटिकल सेफ्टी कंपोनंट ठरवण्याची शिफारस केंद्रीय परिवहन मंत्रालयाला करा.

ज्यांच्या गाडीला आज स्पेसर आहेत त्यांनाही एक सांगणं. मानकाची वाट पाहू नका. या आठवड्यात एक चाक खोला. नट किती आटे फिरून सुटतो ते मोजा, स्टडच्या डोक्यावर आकडा आहे का ते पाहा. साडेनऊच्या आतच नट हातात आला किंवा डोकं कोरं निघालं, तर स्पेसर काढून ठेवा आणि मूळ स्टड आणि नटांवर गाडी चालवा.

संचालक महोदय, चाचणीची यंत्रं तुमच्याकडे आहेत, अभियंते आहेत आणि मसुदा समितीपुढे ठेवण्याचा अधिकारही आहे. हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत घ्या.

कळावे,
घाटात गाडी चालवणारा एक मालक